पायगुण नव्हे, सोडा

"म्हणजे तुम्ही हौद धुता?"

जयपुरात कुणाच्या हळदीकुंकवाला जा, भिशीला जा, फौजेतल्या बायकांच्या चहाला जा, माझी ओळख करून दिली की हा प्रश्न येतोच. बारा वर्षं येतोय. यंदा मंडळाच्या दिवाळी अंकात उत्तर छापूनच टाकते, म्हणजे जिला शंका असेल तिनं अंक उघडावा आणि मला निवांत बटाटेवडा खाऊ द्यावा. मी हौद धूत नाही. हौद धुणारे निराळे. मी हॉटेलांच्या हॉट टबमधल्या पाण्याचं डोकं ठिकाणावर ठेवते. माणसाचं डोकं फिरलं तर ते आरडाओरडा करतं. पाणी तेवढंही करत नाही. ते गुपचूप पाहुण्याच्या अंगावर पुरळ उठवतं आणि मग पाहुणा माझ्या नावानं आरडाओरडा करतो.

ज्यांनी हॉट टब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच-सहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढा हौद, त्यात जवळजवळ चाळीस अंशाला तापलेलं पाणी, खालून बुडबुडे. पोहण्याच्या तलावात अख्खी पलटण उतरून जेवढा घाम आणि तेल सोडत नाही, तेवढं या टीचभर पाण्यात दोन जोडपी तासाभरात सोडतात. वर ते पाणी गरम. बाहेर राहिलेला रस्सा सकाळी ज्यांनी उघडलाय, त्यांना गरम पाण्यात जंतूंची काय चंगळ होते हे मी कोल्हापूरच्या बाईनं सांगायला नको.

जंतू मारायला क्लोरीन घालतात. पण क्लोरीन हा मोठा मानी गडी. पाणी आंबट झालं की तो पिसाळतो, डोळे जाळतो, तांब्याच्या नळ्या खातो. पाणी सोड्याकडे झुकलं की तोच गडी पाय पसरून झोपतो आणि जंतू त्याच्या छातीवर फुगडी घालतात. या दोन्हींच्या मधे, सव्वासात ते साडेसातच्या आसपास, त्याचं कामात लक्ष असतं. हा आकडा म्हणजे पीएच. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंबभर औषध टाकायचं, येणारा रंग पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघायचा. इतकंच. पण हे 'इतकंच' रोज करायला लागतं, आणि रोज करायचं म्हटलं की हॉटेलवाल्यांच्या पोटात दुखतं.

शिवाय लोकांच्या डोक्यात भलतंच काय काय भरलेलं. "मॅडम, क्लोरीन बहुत ज्यादा है, बास आ रही है!" अहो, तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नाही! क्लोरीन कमी पडलं, ते तुमच्या घामाशी मारामारी करून मेलं, त्या मढ्याचा तो वास आहे! हे मी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की आमच्या खातीपुऱ्यातल्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आता टबाचा वास घेऊन बरोबर निदान करतील. मॅनेजर मात्र अजून करत नाहीत.

जयपूरचं बोअरचं पाणी तर विचारूच नका. त्यात चुना इतका, की झोटवाड्यातल्या एका हॉटेलात हीटर उघडला तेव्हा आत हीटर नव्हताच, हीटरच्या आकाराचा संगमरवर होता. मूर्ती घडवणारा एक कारागीर तो मागायला आला होता. एका परदेशी बाईचे सोनेरी केस आंबट पाण्यातल्या तांब्यानं हिरवेगार झाले आणि पोपटांचा थवा तिच्यामागून थेट विमानतळापर्यंत गेला. एकदा कुणी टबात शिकेकाई ओतली, फेस जिन्यानं खाली उतरून स्वागतकक्षात आला आणि तिथल्या माणसानं सवयीनं त्याला "खम्मा घणी", म्हणजे इकडचा रामराम, केलं. आमचे सुभेदार, म्हणजे आमचे हे, म्हणतात, "अगं, निम्मं तरी खरं सांगत जा." मी निम्मंच सांगते. कुठलं निम्मं, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

पण आता जे सांगणार आहे त्यात थापेचा एक थेंब नाही. असता तर त्यात मी बरी दिसले असते.

शहराबाहेर जुन्या हवेलीसारखं नवं बांधलेलं एक हॉटेल आहे. चौकात मधोमध पांढऱ्या दगडानं मढवलेला हॉट टब. तिथल्या मॅनेजरांना आपण सिंघवीजी म्हणू. नेहमी सुटाबुटात, आणि 'पॅकेज' हा त्यांचा कुलदैवतासारखा शब्द. एका सकाळी मी पाणी तपासलं तर आंबट झालेलं. क्लोरीनच्या गोळ्यांनी होतं तसं. त्यावर उतारा धुण्याचा सोडा. टबाजवळच्या वहीत मी हिंदीत लिहिलं, 'सोडा, दो मुट्ठी', खाली सही केली आणि स्कूटरला किक मारली. हे वाक्य लक्षात ठेवा. मला मरेपर्यंत लक्षात राहणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात एका लग्नाची हळद होती. मी गेले ती भांडायलाच. कारण सिंघवीजींनी पॅकेजमध्ये काय घातलं होतं, तर नवरानवरी टबाच्या काठावर बसणार, हळद लावलेले पाय गरम पाण्यात सोडणार, वरून गुलाबाच्या पाकळ्या, बाजूनं ड्रोन.

"सिंघवीजी, हळद फिल्टरमध्ये गेली तर फिल्टर मरेल."

"मॅडम, पॅकेज में है."

"पाकळ्या पंपात जातील."

"मॅडम, वो भी पॅकेज में है."

"आणि पंप जळाला तर?"

"उसके लिए आप हैं ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्धा तास मी त्यांना फाडून खाल्लं. शेवटी पंप बंद ठेवण्यावर तह झाला आणि तोवर पाहुणे आले. या भांडणाच्या नादात मी काचेची नळी पिशवीतून बाहेरच काढली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा पाणी न तपासता मी टबापासून बाजूला झाले. पाणी जरासं दुधाळ दिसलं होतं, तेही मी उन्हाच्या नावावर ढकललं.

नवरी आपली मराठी मुलगी. ऋचा तिचं नाव. वडील बँकेत, बदलीवर जयपुरात आले आणि जवाहर नगरात घर करून इथलेच झाले. घरात मराठी, पण पोरीचं मराठी हिंदीच्या टेकूवर उभं. नवरा इथलाच, अंकित, इंजिनियर. आणि त्याच्याकडची मुख्य असामी म्हणजे त्याची आत्या, बुआजी. शिडशिडीत बाई, पण चौकात पाऊल टाकलं की ढोलवालाही टिपरू आवरतं घेई.

हळद लागली. बायका गात होत्या. प्रथेप्रमाणे म्हणे नवरीनं पाय आधी सोडायचे. ऋचानं घोट्यापर्यंत हळदीनं माखलेले पाय पाण्यात बुडवले.

आणि पाणी लाल झालं.

गुलाबी वगैरे नव्हे. लाल. तिच्या पायांपासून लाल धूर निघाल्यासारखे लोट पाण्यात पसरले, पांढऱ्या दगडावर ते आणखीनच भडक दिसले. गाणं थांबलं. कुणीतरी "खून!" म्हणून किंचाळलं. अंकितनं पाण्याकडे नेलेले आपले पाय हवेतच धरले, तळं आटलेल्या बदकासारखे.

बुआजी पुढं आल्या. पाण्याकडे पाहिलं, मग पोरीच्या पायांकडे.

"लड़की के पैर पड़ते ही," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण ते वाक्य चौकभर फिरलं आणि परत येईपर्यंत चांगलं गुटगुटीत झालं. कुणाला पत्रिका आठवली, कुणाला साखरपुड्याच्या दिवशी गेलेली वीज. "भाईसाहब, फेरे आज रोक लेते हैं," बुआजी नवऱ्याच्या बापाला म्हणाल्या, "पंडितजी से पूछकर देखेंगे." ऋचाची आई रडायला लागली. वडील हात जोडत या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडे जाऊ लागले. बँकेत आयुष्यभर लोकांनी ज्याच्यापुढं हात जोडले तो माणूस!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे पायगुण म्हणतात, तोच हा प्रकार. अहो, हळद सोड्यात पडली की लाल होते! शर्टावरचा भाजीचा डाग साबण लावला की लाल होतो, तो काय तुमच्या शर्टाला अपशकुन होतो? चौकात नवऱ्याकडचे इंजिनियरच मोजले तर धरण बांधून झालं असतं. दोन डॉक्टर होते. आणि त्यातला एकही, एकसुद्धा, सातवी पास नव्हता!

मी ओरडले, "भाईसाहब, पानी का पीएच बढ़ा है! हल्दी क्षार में लाल होती है!"

"मॅडम, केमिकल की बात रहने दो," एक डॉक्टरच म्हणाले. "यहाँ भावना का सवाल है."

एवढ्यात टबावर काम करणारे भंवरजी माझ्याजवळ आले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. 'सोडा, दो मुट्ठी' या माझ्या ओळीसमोर तीन सह्या. सकाळच्या पाळीनं दोन मुठी टाकल्या. दुपारच्या पाळीनं पाहिलं, मॅडमचा हुकूम आहे, त्यांनीही टाकल्या. रात्रपाळीवाले का मागं राहतील? आणि त्यांच्या मुठी म्हणजे मुठी नव्हेत, सुपं.

"आपने एक बार नहीं लिखा था, मॅडमजी," भंवरजी हळूच म्हणाले.

मी वही मिटली, जवळच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. खोटं कशाला सांगू?

पण बसून राहवेना. ती पोरगी अजून पाय पाण्यात तसेच ठेवून बसली होती, ताठ, एक शब्द न बोलता. शास्त्र चालत नाही म्हणता? ठीक आहे. मी शिकंजीच्या, म्हणजे लिंबूसरबताच्या, टेबलावरून एक पेला आणि लिंबू उचललं, टबातलं लाल पाणी पेल्यात घेतलं आणि बुआजींसमोर जाऊन उभी राहिले.

"बुआजी, रोली किससे बनती है?"

रोली म्हणजे त्यांच्याकडचं कुंकू. बुआजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हल्दी से. चूना डालते हैं."

"चूना डाला तो हल्दी का रंग?"

त्या थांबल्या. "लाल."

"तर मग! बहू ने पाँव रखा और हल्दी की रोली बन गई. बारह साल से यह काम कर रही हूँ, ऐसा शगुन नहीं देखा!"

वर मी लिंबू पिळलं. लाल पाणी बघता बघता पुन्हा हळदीसारखं पिवळं झालं. चौकात "ओऽऽ" झालं. बुआजींनी पेला हातात घेऊन उन्हात धरला. मग स्वतः वाकल्या, टबातलं लाल पाणी बोटावर घेतलं आणि ऋचाच्या कपाळाला लावलं. ढोल सुरू झाला. मघाचे डॉक्टर "वाह, रोली!" म्हणत फोटो काढायला पुढं. भावनेचा सवाल सुटला होता. एका लिंबात!

मी वही घेऊन पंपाच्या खोलीत जाऊन बसले. स्वतःवर अशी खूश, की त्या खोलीत मावत नव्हते. तेवढ्यात दार ढकलून ऋचा आत आली. पाय अजून लालपिवळे, कपाळावर टिळा.

"काकू, थँक्यू," ती म्हणाली. चेहऱ्यावर मात्र थँक्यू कुठंच नव्हतं.

"अगं, थँक्यू कसलं! मजेत राहा."

"मला माहीत होतं, काकू. मी स्कूलमध्ये सायन्स शिकवते. सातवीला हाच प्रयोग आहे, मतलब, हळद आणि सोडा. मी दर वर्षी मुलांना करून दाखवते."

माझा जबडा खाली आला. "मग बोलली का नाहीस गं?"

"मी बघत होती, कोण बोलतं. अंकितला पण माहीत आहे. त्याच्या छोट्या बहिणीचा प्रोजेक्ट मी त्याच्यासमोर करून घेतला होता." ती पुढं म्हणाली, "तुम्ही आज रोली करून वाचवलं. पण उद्या माझ्या हातून दूध फाटेल, काकू. मग? तुम्ही येणार लिंबू घेऊन?"

मी बारा वर्षांत मॅनेजरांना, ठेकेदारांना, टँकरवाल्यांना गप्प केलं आहे. मला गप्प करणारी ही पहिलीच.

"आणि पीएच इतका वाढला कसा?" तिनं विचारलं. मास्तरीणच ती.

मला सिंघवीजींचं नाव घेता आलं असतं. पाळीवाल्यांचं घेता आलं असतं. बोअरचं तर हक्कानं. पण ती अशी समोर उभी होती, की थाप तोंडापर्यंत येऊन मागं फिरली.

"माझ्यामुळं," मी म्हटलं. "दोन मुठी सोडा लिहिला. एकदाच टाका, हे लिहिलं नाही. तिघांनी टाकला. आणि आज पाणी तपासलं नाही."

ती मग म्हणाली, "हे बाहेर सांगाल?"

हे सांगितलं तर माझं त्या हॉटेलातलं काम गेलंच. आणि जयपुरात हॉटेलवाल्यांमध्ये बातमी पाण्याहून पातळ होऊन पसरते, म्हणजे बाकीच्या हॉटेलांतलंही गेलं. पण पोरीनं मागितलं काय? ना दागिना, ना पैठणी. फक्त खरं बोला म्हणाली. आणि तेही मला!

मी वही काखेत मारली आणि चौकात गेले. ढोलवाल्याला हात केला. तो थांबला, आवाज माझाही कमी नाही.

"बुआजी, मैंने झूठ बोला. रोली-वोली कुछ नहीं बनी." वही उघडून सगळ्यांपुढं धरली. "यह मेरी लिखाई है. सोडा मेरी गलती से तीन बार पड़ा. शगुन भी नहीं, अपशगुन भी नहीं. पानी है. लड़की के पैर की जगह आपका पैर होता तो भी लाल होता. मेरा होता तो भी."

बुआजींचा चेहरा दगड. "तो हमारे घर की हल्दी में धोबी का सोडा?" त्या म्हणाल्या, आणि पुढं काय बोलणार हे मला दिसत होतं. ऋचा पंपाच्या खोलीच्या दारात उभी होती. ती बुआजींकडे बघतच नव्हती. ती अंकितकडे बघत होती.

अंकितनं पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. हळदीची वाटी उचलली, आपल्या दोन्ही पायांना सपासप फासली आणि पाय टबात सोडले. पाणी पुन्हा लाल झालं, आधीपेक्षा लाल.

"लो बुआजी," तो म्हणाला. आवाज कापत होता त्याचा, पण म्हणाला. "अब मेरे भी. पंडितजी से दोनों का पूछ लेना."

बुआजींनी एकदा त्या लाल पाण्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गीत क्यों बंद है?"

उशीर केला त्या पोरानं. माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. लिंबाच्या आधी बोलला असता तर मी त्याला मेडल दिलं असतं. पण बोलला.

घरी सुभेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला. "हुकूम देताना तीन गोष्टी सांगायच्या. काय, किती आणि किती वेळा," ते म्हणाले. "पलटणीत पहिल्या महिन्यात शिकवतात." त्या दिवसापासून प्रत्येक वहीत मी 'एक बार' लिहून दोन रेघा मारते. आधी पाणी तपासते, भांडण नंतर.

दुसऱ्या दिवशी सिंघवीजींनी बोलावलं. मी वह्या, नळ्या, किल्ल्या सगळं परत द्यायला बांधूनच गेले होते. त्यांनी खुर्ची दिली. चहा मागवला. मला संशय आलाच.

"मॅडम, कल जो हुआ... पानी लाल, फिर पीला. बहुत वायरल हुआ है. इसको हम हर शादी में रख सकते हैं? कुमकुम-कुंड. पॅकेज में."

त्या चौकात एक मुलगी सगळ्यांपुढं अपशकुनी ठरत होती आणि या माणसानं त्यातून काय उचललं, तर पॅकेज! मी किल्ल्या त्यांच्या चहाच्या कपात सोडल्या आणि निघून आले. ऐकते की आता ते माझ्याविनाच करतात. भंवरजी सांगत होते, दर लग्नाला सोडा टाकतात. तपासत कुणीच नाही. पाहुण्यांच्या पायांना खाज सुटते आणि मॅनेजर म्हणतात, मेंदीची असेल.

परवा ऋचाचा फोन आला. मराठी थोडं सुधारलंय तिचं.

"काकू, आज दूध फाटला."

"मग? बुआजी होत्या?"

"समोरच. त्यांनी पातेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि विचारलं, 'इसमें सोडा किसने डाला?'"

ती खदाखदा हसत होती. मी हसले नाही. अहो, सोड्यानं दूध फाटत नाही! आंबट लागतं त्याला! इतकं भर चौकात, वही उघडून, माझी अब्रू पणाला लावून सांगितलं, तरी बाईनं निम्मंच ऐकलं. मी ऋचाला म्हटलं, "फोन दे बुआजींना." आणि त्यांना आंबट आणि सोडा यांतला फरक पहिल्यापासून समजावायला घेतला. पाऊण तास झाला. आमचे सुभेदार ताट वाढून वाट बघत बसले होते. बुआजी मधूनच मला थांबवून एकेक शंका विचारत होत्या, आणि खरं सांगते, एकाही मॅनेजरनं बारा वर्षांत तेवढ्या विचारल्या नव्हत्या.